जुन्या इंजिनाचा हिशेब कोण देणार?

अमेरिकेत शिकायला गेलेली मराठी मुलं वर्षभरात एक जुनी गाडी घेतात. बहुधा दहा-पंधरा वर्षं धावलेली कोरोला नाहीतर सिव्हिक. ती बरीच वर्षं निमूट साथ देते आणि एके दिवशी तिचं इंजिन सीझ होतं.

नवीन गाडी परवडत नाही. कंपनीचं नवीन इंजिन गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडतं. मग शोध सुरू होतो वापरलेल्या इंजिनाचा.

एक आकडा पसंत पडतो. समजा, १,५०० डॉलर. हिशेबात बसतो. पैसे भरायच्या वेळी मात्र बिलाच्या खालच्या भागात आणखी एक ओळ उगवते: कोअर चार्ज, ३०० डॉलर.

ही ओळ जाहिरातीत का नव्हती?

कोअर चार्ज म्हणजे तुमच्या मोडक्या इंजिनापोटी घेतलेली अनामत. मोडकं इंजिन परत दिलं की पैसे परत. घरच्या गॅस सिलिंडरचा व्यवहार आठवा, म्हणजे वेगळं समजावून सांगायला नको.

सोपं आहे ते इथपर्यंत. पुढचं सगळं अटींमध्ये आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही पद्धत लुबाडणुकीसाठी जन्मलेली नाही. मोडलेल्या इंजिनातही बराच ऐवज शिल्लक असतो: ब्लॉक, हेड, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट. ब्लॉकला बोअर मारा, क्रँक ग्राइंड करा, पिस्टन-रिंगा, बेअरिंगं आणि गॅस्केट नवी टाका. तेच इंजिन दुसऱ्या गाडीत पुन्हा धावतं. ओतकामाला लागलेला धातू, इंधन, मेहनत, काहीच फुकट जात नाही.

रेनो कंपनीने पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-रुआच्या कारखान्यात १९४९ पासून हे काम केलं. अमेरिकेत कॅटरपिलरने १९७३ पासून. जुना माल परत आला नाही, तर या कारखान्यांची यंत्रं रिकामी बसतात. जुनं परत यावं, म्हणून त्यावर पैसे अडकवून ठेवायचे, ही युक्ती त्यातूनच रुजली.

आणि युक्ती चालते. न्यूयॉर्क राज्यात गाडीची बॅटरी घेताना जुनी दिली नाही, तर कायद्यानेच ५ डॉलर जास्त भरावे लागतात. ३० दिवसांत जुनी बॅटरी आणून दिली, की ते परत मिळतात. अमेरिकेतल्या शिशाच्या बॅटऱ्यांपैकी जवळपास ९९ टक्के बॅटऱ्यांचं शिसं पुन्हा वापरात येतं, असं तिथल्या बॅटरी उद्योगाची संघटना सांगते. शिशाला भाव आहे आणि जुन्या बॅटरीवर अनामत आहे. भित्तिपत्रकं लावून हे झालं नसतं.

मग तक्रार कशाची?

तक्रार आहे ती अनामत परत न करण्याच्या वाटा अटींमध्ये पेरून ठेवण्याची. अनामत घेताना विक्रेता एका ओळीत बोलतो. परत देताना तो पानभर बोलतो.

पहिली वाट किमतीतच आहे. एक विक्रेता १,५०० डॉलर सांगतो, कोअर ३०० वेगळा. दुसरा १,६५० सांगतो, कोअर काहीच नाही. स्वस्त कोण?

तुमचं जुनं इंजिन स्वीकारलं गेलं, तर पहिला. नाकारलं गेलं, तर दुसरा दीडशे डॉलरने स्वस्त. म्हणजे किंमत ठरवणारी गोष्ट विक्रेत्याच्या दुकानात नाहीच. ती तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली मोडून पडली आहे.

तिच्याकडे बघून मग भाव बघायचा. आपण उलटं करतो.

दुसरी वाट सगळ्यात चीड आणणारी. इंजिन कशाने गेलं, यावर परतावा ठरतो. ऑइल संपून बेअरिंग गेलं असेल, तर ब्लॉक बहुधा वाचलेला असतो. पण कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या भिंतीला भोक पाडून बाहेर आला असेल, तर तो ब्लॉक पुन्हा उभा करण्याजोगा राहत नाही. तडा गेलेला किंवा भोक पडलेला ब्लॉक चालणार नाही, असं बहुतेक विक्रेत्यांच्या अटींत लिहिलेलं असतं.

ही अट चूक आहे का? नाही. फुटक्या ब्लॉकचं कारखान्यानं करायचं काय?

चूक आहे ती वेळेची. ही अट पैसे घेण्याआधी सांगायची असते. तुमचं इंजिन कसं गेलं, हा प्रश्न विक्रेत्याने पहिल्या फोनवर विचारायला हवा. तो ‘तुमचं क्रेडिट कार्ड कोणतं?’ हा प्रश्न आधी विचारतो.

म्हणजे इंजिन मोडलं म्हणून दुसरं घ्यावं लागलं, आणि जास्तच मोडलं म्हणून अनामतही गेली. गरजू गिऱ्हाईक दोनदा भरतं.

तिसरी वाट ‘पूर्ण’ या अटीत आहे. कोअर पूर्ण हवा, म्हणजे जुन्या इंजिनाचा कुठलाही भाग गहाळ नको.

आता इंजिन बदलताना प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मोडक्या गाड्यांच्या यार्डातून आलेल्या इंजिनावर अल्टरनेटर असेलच असं नाही. काही सेन्सर तुटलेले असतात. इनटेक मॅनिफोल्ड एखाद्या वेळी दुसऱ्या वर्षाच्या मॉडेलचा निघतो. मग मेकॅनिक तुमच्या जुन्या इंजिनावरचे भाग काढतो आणि आलेल्या इंजिनावर चढवतो. यात गैर काहीच नाही. काम असंच होतं.

पण ते भाग उतरवले, की जुनं इंजिन ‘अपूर्ण’.

विक्रेत्याने कमी भाग पाठवले, म्हणून तुम्ही जुन्याचे वापरले. आणि जुन्याचे वापरले, म्हणून विक्रेता अनामत अडवणार. याला उत्तर एकच आहे. पूर्ण म्हणजे काय, त्याची यादी लेखी मागा. हेड हवं की नको, मॅनिफोल्ड हवा की नको, ऑइल पॅन हवा की नको.

यादी द्यायला जो तयार नसतो, त्याने पैसे न देण्याची तयारी आधीच केलेली असते.

चौथी वाट दिवसांची. मुदत कुणी ३० दिवसांची देतं, कुणी कमी, कुणी जास्त. ती कधीपासून मोजायची?

इंजिन विकत घेतलं त्या दिवसापासून मोजली, तर त्यातले बरेच दिवस ट्रकवरच जातात. मग गॅरेजची रांग. मग इंजिन उतरवणं, चढवणं, गळती तपासणं. गाडी सुरू होते तेव्हा मुदतीचे थोडेच दिवस हातात उरतात.

आणि जुनं इंजिन घाईने पाठवूनही चालत नाही. आलेलं इंजिन खराब निघालं तर? त्याला लागणारा एखादा भाग जुन्यावरूनच काढायचा राहिला असेल तर? गाडी रस्त्यावर धड धावेपर्यंत जुनं हाताशी ठेवणं हाच शहाणपणा.

म्हणून मुदत इंजिन हातात पडल्याच्या तारखेपासून मोजायला सांगा आणि पुरेशी मागून घ्या. मागितली तर ती मिळते, पण पैसे भरण्याआधीच. नंतर नियमावर बोट ठेवलं जातं.

पाचवी वाट वजनाची. साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं वजनही सहज सव्वाशे-दीडशे किलो भरतं. ते पाकिटात घालून टपालपेटीत टाकता येत नाही. लाकडी पॅलेट लागतं, पट्ट्या लागतात, मालवाहू ट्रक लागतो. घरी फोर्कलिफ्ट नसेल, तर उतरत्या फळीचा ट्रक मागवावा लागतो. त्याचे पैसे वेगळे. घरून माल उचलायचेही बहुतेक वाहतूकदार जादा पैसे लावतात.

परतीचं भाडं कुणाचं?

विक्रेत्याचं असेल, तर ठीक. तुमचं असेल, तर आधी भाडं विचारा आणि मगच अनामतीची आशा धरा. ३०० डॉलर परत मिळवायला २५० डॉलरचा ट्रक लागणार असेल, तर ५० डॉलरसाठी तुम्ही एक अख्खा शनिवार देणार का?

असे कितीतरी शनिवार लोक देत नाहीत. जुनं इंजिन गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात पडून राहतं. अनामत विक्रेत्याकडे राहते. कुणी फसवलेलं नसतं, फक्त हिशेब आधी केलेला नसतो.

सहावी वाट चिल्लर वाटते, पण रक्कम तीही खाते. परत जाणाऱ्या इंजिनात ऑइल आणि कूलंट शिल्लक नको. ट्रकमध्ये गळती झाली, तर वाहतूकदार माल अडवतो. ज्या क्रेटमध्ये नवं आलं, त्याच क्रेटमध्ये जुनं पाठवा, अशीही अट असते.

क्रेट तर मेकॅनिकने पहिल्याच दिवशी फोडून टाकलेलं असतं. त्याला कुणी सांगितलं होतं?

सातवी वाट मेकॅनिकमार्गे जाते. इंजिन तुम्ही नाही, गॅरेजने मागवलं. कोअर चार्ज गॅरेजने भरला आणि तुमच्या बिलात लावला. काम झाल्यावर जुनं इंजिन गॅरेजने परत पाठवलं आणि अनामत गॅरेजच्या खात्यात जमा झाली.

तुमच्या खात्यात?

प्रामाणिक गॅरेजवाले ती रक्कम वळती करतात. असे गॅरेजवाले आहेत आणि त्यांचं कौतुक केलंच पाहिजे. पण व्यवहार प्रामाणिकपणावर सोडायचा नसतो. बिलावर कोअरची ओळ वेगळी असावी, आणि ती रक्कम कुणाला, कधी परत मिळणार, हे त्याच बिलावर लिहिलेलं असावं.

आठवी वाट करांची. कोअर चार्जवर विक्रीकर लावला असेल, तर अनामत परत करताना तो करही परत मिळणार का? राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. विचारायला पैसे पडत नाहीत.

न विचारण्याचे पडतात.

आता एक प्रश्न उरतो आणि तो चांगला आहे. इंजिनं पुन्हा बनवणाऱ्या कारखान्याला जुना ब्लॉक लागतो, हे पटलं. पण वापरलेली इंजिनं विकणारा यार्डवाला तर अपघातातल्या गाडीचं इंजिन उतरवून आहे तसं विकतो. त्याला तुमचं मोडकं कशाला हवं?

विकायला. कारखान्याला विकेल, नाहीतर भंगारात घालेल. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला भंगारातही बरा भाव मिळतो. म्हणजे तुमचं मोडकं इंजिन हा त्याच्यासाठी माल आहे. मालाला भाव असतो, आणि भाव असला की घासाघीस करता येते. कोअर चार्ज देवाने ठरवलेला नाही.

कधी कधी उलटा हिशेबही फायद्याचा पडतो. तुमचं इंजिन दुर्मीळ असेल, ब्लॉक आणि हेड शाबूत असतील, तर बाहेर त्याला अनामतीपेक्षा जास्त पैसे मिळू शकतात. अशा वेळी अनामत सोडून द्यावी आणि जुनं स्वतः विकावं. विक्रेता हा पर्याय सुचवणार नाही. त्याने सुचवावा, अशी अपेक्षाही नाही.

एका फसगतीकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. वापरलेलं इंजिन आणि पुन्हा बांधलेलं इंजिन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुन्या सुट्या भागांच्या धंद्यासाठी मार्गदर्शक नियम घालून दिलेले आहेत. नुसती धूळ पुसून, रंग मारून ‘रिबिल्ट’ म्हणता येत नाही. खोलून, साफ करून, झिजलेले भाग बदललेले किंवा दुरुस्त केलेले असावे लागतात. वापरलेला माल आणि पुन्हा बांधलेल्याचा भाव, असं दिसलं तर तिथून उठा.

कॅलिफोर्नियाने गिऱ्हाइकाच्या हातात आणखी एक हत्यार दिलं आहे. तिथल्या कायद्यानुसार दुरुस्तीच्या बिलावर भाग वापरलेला आहे, पुन्हा बांधलेला आहे की रीकंडिशन केलेला आहे, ते स्पष्ट लिहावं लागतं. काम देतानाच सांगितलं, तर बदललेले जुने भाग गिऱ्हाइकाला परत मिळतात. कंपनीकडे परत जाणारे किंवा फार अवजड भाग घरी नेता येत नसतील, तर ते निदान बघायला मिळतात.

हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. पण तो मागावा लागतो, आणि काम देतानाच.

सगळ्या वाटांच्या आधी एक दार ठोठावा: गाडीच्या कंपनीचं. ह्युंदाईने २०१५ साली अमेरिकेत २.० आणि २.४ लिटर थीटा-२ इंजिनांच्या लाखो सोनाटा गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात क्रँकशाफ्टमध्ये राहिलेला धातूचा कीस ऑइलची वाट अडवत होता आणि बेअरिंगं जळत होती. पुढे त्यात आणखी गाड्यांची भर पडली आणि कंपनीला या इंजिनांची वॉरंटी वाढवावी लागली.

अशा गाडीचं इंजिन कंपनीने फुकट बदलून द्यायचं असताना कुणी यार्डात जाऊन वापरलेलं घेत असेल, वर कोअर चार्ज भरत असेल, तर?

आणि यार्डात जे मिळेल, त्यातही तोच दोष असला तर?

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा सतरा अंकी-अक्षरी क्रमांक टाकला, की राहिलेला रिकॉल दिसतो. पैसे लागत नाहीत. हे काम इंजिन शोधण्याच्या आधीचं आहे, पश्चात्तापाच्या वेळचं नाही.

अमेरिकेचं पुराण इथे संपवू. आपल्याकडे काय चालतं?

बॅटरीच्या बाबतीत आपण पक्के आहोत. जुनी दिली तर एक भाव, नाही दिली तर दुसरा. गल्लीतल्या दुकानापासून इन्व्हर्टरवाल्यापर्यंत सगळ्यांना हे तोंडपाठ आहे. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांवरही टाकली होती. २०२२ मध्ये नवे नियम आले आणि सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्यांचा भार उत्पादकांच्या खांद्यावर गेला.

म्हणजे जुन्याचा भाव आपल्याला कळतो. जुनं दिल्याशिवाय सवलत नाही, हेही कळतं.

इंजिनाच्या वेळी मात्र आपली जीभ का अडते?

गाडी गॅरेजमध्ये जाते. इंजिनाचं काम निघतं. पिस्टन बदलले, हेड बदललं, कधी अख्खं इंजिन बदललं. बिल येतं, पानभर. त्यात नव्या भागांची एकेक ओळ असते. जुन्या भागांची एकही नसते.

जुने भाग गेले कुठे? ‘साहेब, ते भंगार झालं.’

भंगार झालं, हे मान्य. पण भंगारालाही तराजू असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या जुन्या बाजारात, दिल्लीच्या मायापुरीत, चेन्नईच्या पुदुपेटमध्ये रोज जे विकलं जातं, ते आकाशातून पडत नाही. ते कुणाच्या तरी गाडीतून उतरलेलं असतं.

जुन्याचा भाव मेकॅनिकला ठाऊक. भंगारवाल्याला ठाऊक. विमा कंपनीला तर नक्कीच ठाऊक: अपघाताचा दावा मंजूर करताना तिचा सर्व्हेअर मोडक्या भागांची किंमत लावतो आणि ती दाव्यातून वजा करतो.

ठाऊक नाही ते फक्त गाडीच्या मालकाला. कारण तो विचारत नाही.

आणि प्रश्न नुसत्या पैशाचा असता, तर तो सोडूनही देता आला असता. आपल्याकडे इंजिनाला नंबर असतो आणि तो नंबर गाडीच्या आरसीवर छापलेला असतो. इंजिन बदललं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओला कळवून आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. आरटीओ आलेल्या इंजिनाचं बिल मागतं.

गेलेल्या इंजिनाचं काय?

तुमच्या नंबरचं इंजिन गॅरेजच्या मागच्या दाराने गेलं आणि उद्या एखाद्या चोरीच्या गाडीत सापडलं, तर पोलीस नंबर वाचतील. नंबर तुमच्या नावावर निघेल. तुमच्याकडे ते दिल्याची चिठ्ठी आहे?

ही उगाच घातलेली भीती नाही. मेरठचा सोतीगंज बाजार वर्षानुवर्षं चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग विकून नावारूपाला आला होता. २०२१ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी तिथे मोठी कारवाई केली आणि दुकानांना टाळी लागली. चोरीची गाडी तिथे पोचली की तासाभरात तिचे तुकडे व्हायचे.

तुकड्यांना कागद लागत नाही, यावरच तो बाजार उभा होता.

तेव्हा वापरलेलं इंजिन घेताना दोन कागद घ्या. आलेल्या इंजिनाचं बिल, त्यावर इंजिनाचा नंबर आणि ते कुठल्या गाडीतून उतरलं त्याचा तपशील. आणि दिलेल्या इंजिनाची पोच, तिच्यावरही नंबर, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि सही. पहिला कागद सगळे मागतात. दुसरा कुणीच मागत नाही.

सरकारचं काय?

२०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचे नियम आले. नोंदणीकृत केंद्रावर अख्खी गाडी जमा केली, की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. नवीन गाडी घेताना करात सवलत मिळवायला ते उपयोगी पडतं. चांगली योजना आहे.

अख्खी गाडी मोडीत दिली, तर सरकारी प्रमाणपत्र. तिचं एकटं इंजिन दिलं, तर साधी चिठ्ठीही नाही.

१ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे नवे नियम लागू झाले. उत्पादकांवर जबाबदारी आली, तेही बरंच झालं. पण त्या जबाबदारीचं मोजमाप होतं पोलादात. पुन्हा धावू शकेल असं इंजिन आणि वितळवायचा पत्रा, दोन्ही एकाच काट्यावर.

नीट उतरवलेलं इंजिन वितळवणं हे शहाणपणाचं लक्षण आहे का?

आपल्याकडे अनामत चालणार नाही, असं कुणी म्हणेल. लोक परत आणणार नाहीत, दुकानदार गोंधळ घालतील, कागदपत्रं वाढतील. ही सबब जुनी आहे, आणि तमिळनाडूने ती खोडून काढली आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटलीवर १० रुपये जादा घ्यायला सुरुवात झाली. रिकामी बाटली परत केली की ते १० रुपये परत. बाटल्या परत यायला लागल्या. जंगलात फुटक्या काचांवर पडणारे हत्तींचे पाय वाचवायला १० रुपयांचं नाणं कामी आलं.

१० रुपयांसाठी बाटली परत येते, तर काही हजारांसाठी इंजिन का नाही येणार?

येईल. पण त्यासाठी तीन गोष्टी हव्यात, आणि तिन्ही साध्या आहेत.

बिलावर जुन्या भागाची ओळ. तो परत घेण्याच्या अटी, पैसे घेण्याआधी आणि लेखी. आणि परत दिल्याची पोच, नंबरासह.

यातलं काहीही संशोधनाचं काम नाही. यासाठी समिती नेमायला नको, अहवाल नको. गाड्यांच्या कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रं हे उद्यापासून करू शकतात. बिलं तशीही संगणकावरच निघतात. एक ओळ वाढवायला कितीसा खर्च?

करत नाहीत, कारण कुणी मागत नाही.

मागायला लाजू नका. जुना भाग मागणारा माणूस कंजूष ठरतो, ही समजूत आधी डोक्यातून काढा. भाग तुमच्या गाडीचा, गाडी तुमच्या पैशाची. त्याचा हिशेब विचारणं म्हणजे संशय घेणं नाही. चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही. तो जुना भाग फडक्यात गुंडाळून स्वतःहून दाखवतो, झीज कुठे झाली तेही सांगतो. राग कुणाला येतो, ते बघून ठेवा.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींना, तिथे नोकरी करणाऱ्या भाच्या-पुतण्यांना हा लेख पाठवा. त्यांना पैसे भरण्याआधी विक्रेत्याला सहा प्रश्न विचारायला सांगा. कोअर चार्ज किती? कोणत्या अवस्थेतलं इंजिन चालेल? पूर्ण म्हणजे काय काय? मुदत किती आणि कधीपासून? परतीचं भाडं कुणाचं? पैसे कुणाला, किती दिवसांत मिळणार?

उत्तरं फोनवर ऐकून समाधान मानू नका. ईमेलवर मागवा. जुनं इंजिन पाठवण्याआधी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, नंबरचा फोटो वेगळा काढा, आणि ट्रकवाल्याची पावती अनामत हातात पडेपर्यंत जपून ठेवा.

आणि इथल्या वाचकांना एवढंच सांगणं: पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गाडी सोडाल, तेव्हा जॉबकार्डवर सही करण्याआधी एक वाक्य लिहा. ‘बदललेले सर्व जुने भाग परत हवेत.’

अनामतीच्या अटी लेखी नसतील, तर ती रक्कम गेली असंच धरून किंमत ठरवा. तेवढी किंमत द्यायची तयारी नसेल, तर दुसरं दुकान बघा.